पिकअपचे पाटे आणि बाबांची पाठ

गाडी यायच्या आधी आमच्या घरातलं सगळं ओझं माणसांच्या अंगावर असायचं. आई हरसूलच्या आठवडे बाजारात कांदा-लसूण विकायची. नाशिकला माल घ्यायचा, पोती रिक्षाने स्टँडवर आणायची आणि एसटीत चढवायला कंडक्टरची मनधरणी करायची. एखादा नाहीच म्हणाला की त्र्यंबक रोडला येऊन मिळेल त्या गाडीला हात करायचा. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. टेम्पो त्याच रस्त्याने जायचा. पण मालकाने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "गाडी माझी, डिझेल माझं. त्यात तुझ्या बायकोचं पोतं दिसायला नको."

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर गेले होते. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला पोत्यांवर बसलेल्या. लांबून बाबांचा टेम्पो येताना दिसला. शेजारी मालकाचा मुलगा बसलेला. मी उठून हात केला, तर आईने माझा हात खाली ओढला. टेम्पो आमच्या समोरून गेला. बाबांनी मान वळवली नाही. आई एवढंच म्हणाली, "बघितलं त्यांनी. हार्न दिला ना." हार्न मी काही ऐकला नव्हता.

गरिबीचं याहून जास्त सांगत नाही. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो आणि सांगणाऱ्याला लाज. मी बीएस्सी झाले, फिजिक्स घेऊन. आईच्या आणि बाबांच्या, दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे आणि फुकट मिळालेलं नाही. आता एका शाळेत विज्ञान शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवले तेवढ्याच तासांचा पगार, सुट्टी लागली की तोही नाही. संध्याकाळी घरी शिकवण्या. दिवस कुठे जातो कळत नाही, पण पायांना कळतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांनी पिकअप घेतली. जुनी. एका द्राक्षवाल्याकडे राबून राबून चेमटलेली, रंग उडालेली. तरी ती दारात उभी राहिली त्या दिवशी आईने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. बाबांनी टेम्पोच्या मालकाला किल्ली परत केली आणि हरसूलची लाईन धरली. जाताना तिकडच्या दुकानदारांचा किराणा, येताना आजूबाजूच्या पाड्यांवरची कारली, दोडके, भोपळे. आई पुढच्या सीटवर, तिची पोती मागे. काही वर्षं बरी गेली.

मग बाबांची पाठ गेली. आधी नुसती दुखायची, मग डावा पाय बधिर व्हायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, "मणके घासलेत. गाडी बंद करा."

"बंद म्हंजी?" बाबांनी विचारलं.

"बंद म्हणजे बंद. असे धक्के खात राहिलात तर उद्या चालायला काठी लागेल."

मी म्हटलं, "गाडीच नीट केली तर? धक्के कमी झाले तर?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, "करून बघा. तोवर कमरेला पट्टा लावा, आणि दर महिन्याला दाखवायला या. पायाचा बधिरपणा वाढला तर मात्र माझं ऐकायचं."

परत येताना रिक्षात मी बाबांना म्हणाले, ड्रायव्हर ठेवू आपण. बाबा बाहेर बघत होते. म्हणाले, "मालक व्हायला नव्हती घेतली मी गाडी. चालवायला घेतली." थोड्या वेळाने म्हणाले, "नायतर मग कुणाच्या तरी बंगल्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो. शिट्टी मिळती तिथं."

बाबांनी विनोद केला की समजायचं, माणूस घाबरलाय.

पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीवर, दोन्ही बाजूंना कमानीसारखे वाकवलेले लोखंडी पाटे असतात, एकावर एक ठेवून आवळलेले. गाडीचं वजन तेच पेलतात आणि रस्त्याचा धक्काही तेच खातात. आमच्या गाडीच्या पाट्यांची कमान केव्हाच गेली होती. अंबडला एका कारखान्यात वेल्डर असलेला माझा मामा रविवारी आला, गाडीखाली सरपटला आणि आतूनच ओरडला, "दाजी, पाटे कुठंयत? हे तर पापड झालेत!"

बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "एक जाड पाटा टाकू अन् विषय संपवू. समदे तेच करत्यात."

मी म्हटलं, "जाड पाटा टाकला तर भरलेली गाडी उभी राहील, पण रिकामी गाडी दगडासारखी आपटेल. पाठ कुणाची आहे ते विसरलास का?"

"मग काय करायचं, मॅडम?"

मी त्याला अंगणातल्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. वर पातळ पाटे, संख्येने जास्त, म्हणजे लवचिक राहतील. सगळ्यात खाली एक आखूड, जाड पाटा, पण सरळ. गाडी रिकामी असली की तो कशाला टेकणारच नाही. माल भरला, वरचे दबले, की मगच तो कामाला लागेल.

मामा म्हणाला, "म्हंजी समदे दमल्यावर हा उठणार."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "तुझ्यावर गेलाय."

गॅरेजवाला आठवडाभर गाडी ठेवून घेणार होता. आणि लोखंड पिळायला आमच्या घरात हात होतेच, म्हणून घरीच करायचं ठरलं. आग्रा रोडवरच्या पाटेवाल्याकडून माझ्या सांगण्याप्रमाणे पाटे बनवून घेतले. तो आधी हसला, मग त्याने बनवले. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण काम! दोन बोल्ट आणि चार नट, असं मला वाटलं होतं. चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लोखंडी घोड्या लावून गाडी उचलली, चाकं काढली आणि पहिला नट फिरवायला गेलो तर तो हलेना. इतक्या वर्षांचा चिखल आणि गंज. डिझेल ओतून ठेवायचं, घणाने ठोकायचं, पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून दोघांनी लोंबकळायचं, परत डिझेल. बाबांना वाकायची मनाई होती. ते खुर्चीवर बसून आम्हाला सांगायचे, "डावीकडं फिरव. तुझी डावी नाय, गाडीची डावी." थोड्या वेळाने खुर्ची पुढे सरकायची. मग आणखी पुढे. शेवटी आई तांदळाचं सूप बाजूला ठेवून यायची आणि खुर्ची उचलून परत मागे न्यायची, बाबांना उठवून.

समोरच्या घरातल्या काकू दळणाचा डबा घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "काय गं, बीएस्सी करून हेच करायचं होतं का?"

"हो काकू. बीएस्सी केलं म्हणून जमतंय."

त्या गेल्या. मामा गाडीखालून म्हणाला, "दिलं बरं का!" मला मात्र हसायचीही ताकद नव्हती. सोमवारी पहिल्याच तासाला उभं राहायचं होतं आणि खांद्यातून हात वर जात नव्हता.

रविवारमागून रविवार गेले. पाटे बसले, त्यांच्या टोकांचे रबरी बुश बदलले, धक्का शोषणारे शॉकअप नवे घातले. मधल्या दिवसांत बाबांनी लाईन कशीबशी एका ओळखीच्या गाडीवाल्याकडून सांभाळली. शेवटी गाडी खाली टेकवली तेव्हा ती पूर्वीपेक्षा चांगली वीतभर उंच उभी राहिली. बाबा रिकामी गाडी घेऊन गंगापूर रोडला एक चक्कर मारून आले. उतरताना नेहमी दाराला धरून उतरायचे, तसे नाही उतरले. म्हणाले, "खड्डा आलेला कळतो. लागत नाय."

त्या एका वाक्यावर मी पुढचे काही आठवडे काढले. डॉक्टरही म्हणाले, पाय जरा बरा आहे, बघू.

आता एक सांगायला हवं. गाडी किती भरायची याचं बाबांचं माप म्हणजे त्यांची मूठ. माल भरत आला की ते मागच्या चाकाजवळ वाकायचे आणि खालचं अ‍ॅक्सल आणि वरचं चासीचं रबर यांच्या मधल्या फटीत मूठ घालायचे. मूठ सहज गेली तर अजून माल चालतो. घासून गेली तर बस. हे काही एकट्या बाबांचं नाही. त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर असंच करतात. हमालसुद्धा पोतं पाठीवर घेऊन विचारतात, "मूठ जाती का?"

दिवाळीच्या आधी हरसूलच्या दुकानदाराची मोठी ऑर्डर आली. साखर, रवा, मैदा, तेलाचे डबे. मला सुट्टी लागली होती, म्हणून मीही बाबांबरोबर माल भरायला गेले. गाडी भरली. बाबांनी मूठ घातली. आरामात गेली. "अजून बसतंय," ते म्हणाले. दुकानदाराचा फोन आला, मीठ पण घ्या म्हणून. मिठाची पोती घेतली. मूठ गेली. मग त्याच बाजूच्या दुसऱ्या एका दुकानाचा माल. मूठ गेली. हमाल म्हणाला, "दादा, गाडी हाय का ट्रक?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "पाटे पोरीनं बसवलेत." मी तोंड दुसरीकडे केलं, पण ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

त्र्यंबक मागे टाकून घाटाला लागलो तेव्हा मागून करकर ऐकू यायला लागली. मग जळकट वास. बाबांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकामागे मी दगड लावला. ते चाक हात धरवत नाही इतकं तापलं होतं. आणि दोन्ही मागची चाकं वरच्या बाजूने आत कलली होती, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या थकलेल्या माणसासारखी.

बाबा सवयीने वाकले. मूठ घातली. मूठ गेली.

ते तसेच वाकून राहिले, हात फटीत. मी त्यांना धरून उभं केलं. दोघांनाही एकदमच समजलं होतं. पाटे नवे होते, ते दबलेच नव्हते. पण पाट्यांखालचं अ‍ॅक्सल तेच होतं, जुनं. मूठ पाटे मोजत होती, आणि आम्ही समजत होतो गाडी मोजतेय. अ‍ॅक्सलची नळी वाकली होती, बेअरिंग जळलं होतं.

दुकानदाराने दुसरी गाडी पाठवून माल नेला. वाईट बोलला नाही. फक्त जाताना म्हणाला, "दिवाळी हाय भाऊ, मला थांबता येत नाय. तुमची गाडी होईस्तोवर मी दुसऱ्याला सांगतो. मग बघू." आमची पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून घरी आली.

बाबा त्या दिवशी घाटात स्वतः पोती उतरवायला लागले होते, मी नको नको म्हणत असताना. पुढचे दिवस ते अंथरुणातच होते. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.  दिवाळी तशीच गेली. गाडी अंगणात कलत्या चाकांवर उभी, आणि बाबांचं तोंड भिंतीकडे. एक दिवस भिंतीकडे बघतच म्हणाले, "देऊन टाका भंगारात. त्या पोराला फोन कर, बंगल्याच्या गेटवर वॉचमन पायजे म्हणत होता तो."

मी दमले होते. खरं सांगायचं तर मला ते एका अर्थी बरं वाटलं. संपलं एकदाचं, रविवारी झोपता येईल. पण आईने आतून विचारलं, "आणि पाटे? एवढे घातले ते पण भंगारातच का? मग आधीच द्यायची होती, माझं अंगण तरी स्वच्छ राहिलं असतं." ती भांडी आपटायला लागली. आमच्या घरात भांडी आपटली की विषय बंद होत नाही, सुरू होतो.

मामाने शोधून आणलं. त्याच कंपनीच्या नंतरच्या, जास्त वजनाच्या मॉडेलचं पूर्ण मागचं अ‍ॅक्सल, नळी जाड, ब्रेकचे ड्रम मोठे. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचं होतं, मागून धड. अडचण एकच. त्याच्यावर पाटे टेकायच्या लोखंडी बैठकी आमच्या पाट्यांच्या जागी येत नव्हत्या. त्या कापून नव्या जागी वेल्ड करायला हव्या होत्या, आणि नुसत्या जागी नाही, बरोबर कोनात. बैठक तिरकी लागली तर इंजिनाची ताकद मागे नेणारा मधला शाफ्ट तिरका बसतो आणि गाडी थरथरते. थरथर जाणार कुठे? सीटमधून बाबांच्या मणक्यात.

मामाने डोळा बारीक करून बैठक ठेवली. "बरोबर हाय. लावू कच्चा टाका?"

"थांब. मोजते."

"अगं, इतकी वर्षं वेल्डिंग करतोय मी. डोळ्यात लेव्हल हाय माझ्या."

"लेव्हल असू दे. कोन मोजू दे."

मी जुन्या अ‍ॅक्सलचा कोन आधीच घेऊन ठेवला होता, कंपासपेटीतला कोनमापक आणि नट बांधलेला दोरा घेऊन. मामाची बैठक थोडी चुकली होती. त्याने सरकवली. परत मोजलं, आता माझा दोरा वाऱ्याने हलत होता. टाका लावला, मोजलं, चुकलं, टाका कापला. दोघंही चिडलो. मामा म्हणाला, "तुझ्या वर्गातली पोरं कशी जगतात?" मी म्हटलं, "ती गप्प बसतात." आईने न विचारता चहा आणून ठेवला, तो गार होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग परत मोजलं, आणि जमलं. मामाने पक्कं वेल्डिंग केलं. ते सुंदर होतं, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

अ‍ॅक्सल गाडीखाली सरकवणं हे काम मला पुन्हा करायला सांगू नका. जॅकवर तोलायचं, इंच इंच वर घ्यायचं, पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसवायचं, मग यू-बोल्टने दोन्ही एकत्र आवळायचं. डावीकडे बसलं की उजवीकडे निसटायचं. पाठीखाली पोतं, तोंडात माती, डोळ्यांत गंज. बाबा पट्टा लावून खुर्चीत. या वेळी खुर्ची पुढे सरकत नव्हती, आणि त्याचीच मला काळजी वाटत होती. उजवीकडचं चौथ्यांदा निसटलं तेव्हा मी गाडीखाली नुसती पडून राहिले. वरून बाबांचा आवाज आला, "आधी दोन्हीकडचे यू-बोल्ट सैल घाल. मग वर घे." ते खुर्ची पुढे घेऊन आले होते.

ब्रेकमधली हवा काढायला पॅडलवर पाय हवा होता. मामा आणि मी खाली, बाबांना पाय दाबायची मनाई. आई साडी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर.

"दाब!" मामा खालून.

"दाबला."

"धर! सोडू नको!"

"धरलाय रे. ओरडतो काय, बहिरी हाय का मी?"

"सोड!"

"आता सोड म्हणतो. लग्नात पण असाच करत होता, उभं राहा, बस, उभं राहा."

बाबा हसले. किती दिवसांनी ते आठवत नाही. हसताना पाठीत कळ आली म्हणून पाठीला हात लावून हसले.

बदललेलं अ‍ॅक्सल गाडीच्या कागदावर चढवायला आरटीओत चकरा माराव्या लागल्या. त्या मी मारल्या, अर्ज मीच लिहिले, वाचलं गेलं नाही तिथे वाचून दाखवलं. कागदावर माल भरायची मर्यादा मात्र पूर्वीचीच राहिली. आणि त्यावरून घरात शेवटचं भांडण झालं. मी म्हटलं, आता प्रत्येक मोठी भरती वजनकाट्यावरून. बाबा म्हणाले, "काट्यावर लाईन लावून उभं राहू? सगळे ड्रायव्हर हसतील." मी म्हटलं, हसू देत. ते म्हणाले, "मूठ इतकी वर्षं चालली." मी म्हटलं, "मूठ चालली, कारण पाटे जुने होते, आधी तेच दबायचे. आता गाडी ती नाही." त्यांनी कमरेचा पट्टा सोडून परत आवळला. मग म्हणाले, "सकाळी काटा किती वाजता उघडतो?"

पहिल्या दिवशी मी बरोबर होते. काट्यावरच्या एका ड्रायव्हरने हटकलंच, "काय दादा, मूठ विकली का?"

बाबा म्हणाले, "मुठीच्या नादानं अ‍ॅक्सल वाकवलं मी घाटात. तू पण चढव काट्यावर." आणि खाली उतरून, जास्त निघालेली पोती कमी करायला हमालाला सांगितलं. स्वतः हात लावला नाही.

हरसूलच्या त्या दुकानदाराने सगळी लाईन परत दिली नाही. निम्मी दिली. निम्मी त्या दुसऱ्या गाडीवाल्याकडेच राहिली, आणि तेही ठीकच आहे, त्याचंही घर आहे. बाबा आठवड्यातून ठरावीक दिवसच जातात, मधे आराम करतात. माझे रविवार परत माझे झाले. त्यातले बरेच मी झोपून काढले.

डॉक्टरांनी परवा तपासलं. पाठ पूर्वीसारखी होणार नाही, म्हणाले, पण पायाचा बधिरपणा वाढलेला नाही, उलट कमी आहे. पट्टा लावून चालवा. गाडीचे पाटे आणि मागचं अ‍ॅक्सल आम्ही घरच्या अंगणात बदललं, आणि माझे बाबा स्वतःची गाडी स्वतः चालवतात.